पावणेसहाची दोन मिनिटं

आधीच सांगतो. ही गोष्ट खरी आहे.

विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. मी कुणाच्या गळ्यात मारत नाही. पण ज्याच्या बाबतीत हे घडलं तो एलियुत कामाचो माझ्या समोरच्या घरात राहतो, आणि खोटं बोलायला लागते तेवढी ताकदही त्या माणसात उरलेली नाही. आयुष्यात तो एकदाच खोटं बोलला. त्याचीच ही गोष्ट.

आणखी एक. यात मध्यरात्र नाही, अमावस्या नाही. भुतं रात्री बारालाच येतात हे कुणी ठरवलं कोण जाणे. हे जे येतं ते संध्याकाळी पावणेसहाला येतं. घरोघरी कॉफी उकळत असते तेव्हा.

सुरुवात झाली २०१८ च्या सप्टेंबरमध्ये, शेवटच्या शनिवारी. पोर्तो रिकोत, याबुकोआच्या वरच्या अंगाला, आमच्या वस्तीत. मारिया वादळाला नुकतंच वर्ष झालं होतं आणि निम्म्या छपरांवर अजून निळी ताडपत्री होती.

एलियुत तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा. औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात कामाला. पहाटे चारला उठायचा, सहाला मशीनवर उभा राहायचा, दोनला सुटायचा. घरी आला की वडिलांचं सगळं. दॉन मोन्सेंचे डोळे साखरेनं गेलेले. उजेड कळायचा, माणूस कळायचा नाही. उजव्या पायाला जखम, ती काही भरत नव्हती, म्हणून वर्षभर पायात नुसत्या चपला. रोज मलमपट्टी, रोज इंजेक्शन, भात, लाल घेवडा, भांडी. एलियुतची बायको फार पूर्वीच फ्लोरिडाला निघून गेली होती. एकट्या माणसाच्या नाकी नऊ आले होते.

आणि बेर्तो नव्हता.

बेर्तो त्याचा धाकटा भाऊ. वादळानंतर नळाला पाणी नव्हतं, म्हणून सगळ्यांसारखा तोही डोंगरातल्या झऱ्याचं पाणी प्यायला. उंदरांमुळे येतो तो ताप त्याला आला. चार दिवसांत खेळ खलास. चौदा ऑक्टोबर २०१७. वय अडतीस.

मागे राहिली त्याची गाडी.

दोन दारांची, चार सिलिंडरची, जपानी. दिसायला शर्यतीची, आतून साधीसुधी. पगारदार माणसाला परवडेल अशी गरिबाची रेसगाडी. लाल रंग उन्हानं उडून गुलाबी झालेला.

त्या गाडीवरून दोघा भावांचं दहा वर्षं भांडण चाललं होतं. सगळ्या वस्तीला ते पाठ होतं.

"ह्याला टर्बो लावणार मी," बेर्तो म्हणायचा.

"दोन लाख चौदा हजार मैल चाललंय ते इंजिन," एलियुत म्हणायचा. "टर्बो म्हणजे काय? धुराच्या जोरावर पंखा फिरवायचा आणि आत हवा कोंबायची. कोंबशील तर फुटेल. आजोबांना शर्यतीत पळवतोस होय रे?"

"मग तुझं काय म्हणणं?"

"इंजिनच बदल. जपानहून येतात, कमी चाललेली. टर्बो कारखान्यातूनच लागून येतो. दोन शनिवारचं काम."

"आणि हे फेकून द्यायचं?"

"नाहीतर काय, मेणबत्ती लावतोस त्याच्यापुढं?"

"तू ना, माणसंही अशीच बदलशील," बेर्तो हसत म्हणायचा. "माझ्यापेक्षा कमी चाललेला भाऊ मिळाला तर मलाही काढशील."

हसण्यावारी न्यायची गोष्ट. तेव्हा नेलीही.

टर्बोच्या गाडीची एक रीत असते. पळवून आणली की लगेच बंद करायची नाही. टर्बो लालभडक तापलेला असतो. दोन मिनिटं गाडी उभ्या जागी नुसती चालू ठेवायची, त्याला निवू द्यायचं, मग किल्ली फिरवायची.

बेर्तोच्या गाडीला टर्बो नव्हता. तरी तो रोज कामावरून आला की दोन मिनिटं गाडी चालू ठेवून आत बसून राहायचा. रोज. पावणेसहाला.

"अरे, टर्बो कुठंय?" एलियुत दारातून ओरडायचा. "लग्नाचा पत्ता नाही आणि बारशाची तयारी!"

"येईल रे. सवय आधी लागलेली बरी."

त्या इंजिनाच्या तिसऱ्या सिलिंडरचं काहीतरी बिघडलेलं होतं. चालू असलं की टकटक यायची. टक टक टक... टक. तीनदा नीट, चौथ्यांदा जरा उशिरा. दोन मिनिटांनी आवाज बंद व्हायचा. मग दॉन मोन्से भिंत चाचपत बाहेर यायचे आणि बॉनेटवर हात ठेवायचे.

"गरम आहे," ते म्हणायचे. "आला माझा पोरगा."

बेर्तो गेल्यावरही ते रोज पावणेसहाला बाहेर यायचे. बॉनेटवर हात ठेवायचे. काही न बोलता आत जायचे. वर्षभर हे चाललं होतं, आणि एलियुत वर्षभर ते बघत होता.

आमच्याकडे गाडीवेडा माणूस गेला की वर्षाच्या दिवशी त्याचे दोस्त गाड्यांची मिरवणूक काढतात. त्याची गाडी सगळ्यांत पुढं. दफनभूमीच्या दारात थांबायचं आणि इंजिनं अशी रेस करायची की आत झोपलेल्याला ऐकू गेलं पाहिजे.

म्हणायची पद्धत आहे तशी.

"बेर्तोची गाडी काढ," दॉन मोन्से एलियुतला म्हणाले. "आणि त्याच्याच इंजिनाला टर्बो लाव. सामान त्यानं आणून ठेवलंय, पलंगाखाली. त्याची तेवढी एकच इच्छा राहिली. लावशील?"

"लावतो, बाबा."

"शब्द दे."

एलियुतनं शब्द दिला.

मग त्यानं चागोला बोलावलं. चागो म्हणजे बेर्तोचा जिवलग मित्र, खाली रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. चागोनं एकेक सिलिंडरचा दाब मोजला. तिसऱ्यापाशी आला आणि काटा बघून मान हलवली.

"हा मेलाय," तो म्हणाला. "ह्याला टर्बो लावलास तर दफनभूमीच्या दारातच बार उडेल."

"दुरुस्त केलं तर?"

"सगळं खोलावं लागेल. महिना लागेल. तुझ्याकडे आहे महिना?"

एलियुत तिथंच फरशीवर बसला. त्याच्याकडे महिना नव्हता. झोपायला वेळ नव्हता.

"इंजिन बदलू," तो म्हणाला.

"आणि म्हाताऱ्याला काय सांगशील?"

"टर्बो लावला म्हणून सांगेन. नव्या इंजिनाला टर्बो आहेच. शिट्टी ऐकू येईल. त्यांना दिसतंय थोडंच?"

बोलून गेल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली. पण बोलून गेला होता.

म्हणून त्या शेवटच्या शनिवारी दोघांनी बेर्तोचं इंजिन काढलं. दॉन मोन्से आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होते. पोर्चच्या तुळईला साखळीची पुली अडकवली, इंजिन वर उचललं, आणि मागच्या कपडे धुवायच्या खोलीत नेऊन एका जुन्या टायरवर ठेवलं. ऑइल शेवटच्या थेंबापर्यंत काढलेलं. प्लग काढून भोकांत फडकी कोंबलेली. वरून निळी ताडपत्री.

बॅटरी नाही. पेट्रोल नाही. एक वायर जोडलेली नाही.

हे नीट लक्षात ठेवा.

चागो पाचला गेला. एलियुत अंगणातल्या नळाखाली हात धूत होता. अंधारून येत होतं. आमच्याकडे अंधारलं की कोकी बेडूक ओरडायला लागतात, नखाएवढा जीव पण सगळा डोंगर डोक्यावर घेतो. ते सुरू झाले होते.

आणि एकदम थांबले.

सगळे. एका क्षणी.

एलियुतनं नळ बंद केला.

मागच्या बाजूनं आवाज येत होता...

टक टक टक... टक.

टक टक टक... टक.

तो हलला नाही. शेजाऱ्याचा जनरेटर असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. वादळापासून घरोघरी जनरेटर होते. पण जनरेटर कर्कश ओरडतो. हा आवाज ओळखीचा होता. दहा वर्षं जेवणाआधी रोज ऐकलेला.

दोन मिनिटं.

मग बंद.

बेडूक पुन्हा सुरू झाले. त्यांच्या गोंगाटाखालून आणखी एक आवाज येत होता, बारीक, सावकाश. टिक... टिक... टिक... तापलेलं लोखंड निवायला लागलं की येतो तसा.

एलियुत मागच्या खोलीच्या दाराशी गेला. ताडपत्री होती तशी होती. त्यानं आत न जाता हात लांब करून तिला नुसती बोटं टेकवली.

गरम होती.

खोलीला पश्चिमेची खिडकी आहे, ऊन लागलं असेल. असं म्हणून तो आत गेला, भात लावला, बाबांना इंजेक्शन दिलं आणि आठला झोपला. पहाटे चारला उठायचं होतं. दमलेल्या माणसाला घाबरायलाही फुरसत नसते.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. ऊन नव्हतंच.

पावणेसहाला बेडूक थांबले.

टक टक टक... टक.

तो आठवडाभर रोज ऐकत राहिला. बुधवारी त्यानं धीर करून ताडपत्री उचलली. भोकांत कोंबलेली फडकी खाली जमिनीवर पडली होती. घडी घालून. चारही, एकावर एक. बेर्तोला गॅरेजची फडकी घडी घालून ठेवायची खोड होती, त्यावरून सगळे त्याची टर उडवायचे.

एलियुतनं ताडपत्री पुन्हा झाकली. चागोला फोन लावला आणि तो उचलायच्या आत ठेवून दिला. काय सांगणार? लोक म्हणतील, झोप नाही, डोकं फिरलंय. खरं तर त्यालाही तसंच वाटत होतं.

पुढच्या शनिवारी जपानी इंजिन बसलं. पहिल्या किल्लीला चालू झालं. रेस केलं की बारीक शिट्टी. चागो खूश झाला. एलियुतला काहीच वाटलं नाही, फक्त पाठ दुखत होती.

आवाज ऐकून दॉन मोन्से बाहेर आले. बॉनेटवर हात ठेवला.

"टर्बो?"

"लावला, बाबा."

"त्याच इंजिनाला?"

एलियुतनं चागोकडे पाहिलं. चागो पाने-पक्कड गोळा करायला लागला.

"त्याच."

म्हाताऱ्यानं हात बराच वेळ तिथंच ठेवला.

"बरं," ते म्हणाले आणि आत गेले.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. गोटा लगेच बसला नाही एवढंच.

त्या रात्री जेवताना एलियुतला बाबांच्या तळहातावर काळं दिसलं. जुनं, जळकं ऑइल. त्यानं फडक्यानं पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बॉनेटवर हात ठेवला तर ऑइल लागत नाही, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण तो इतका दमलेला होता की नुसतं पुसत राहिला.

चौदा ऑक्टोबर. रविवार.

मिरवणुकीला पस्तीस गाड्या आल्या. दॉन मोन्से इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर बसले, मांडीवर बेर्तोचा फोटो. पाचला पोचायचं होतं. पण घाटात कुणाचं तरी टायर बसलं, कुणी तरी रस्ता चुकलं. दफनभूमीच्या दारात पोचेपर्यंत...

पावणेसहा.

एलियुतनं घड्याळाकडे पाहिलं. पण मागं पस्तीस गाड्या उभ्या होत्या. त्यानं पाय दाबला. सगळ्यांनी दाबला. कान फुटतील असा आवाज. बायका रडत होत्या, पुरुष हॉर्न वाजवत होते. मग चागोनं हात वर केला आणि एकेक इंजिन बंद झालं.

एलियुतनंही किल्ली फिरवली. काढून हातात घेतली.

गाडी चालूच राहिली.

त्यानं हातातल्या किल्लीकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं.

चागो खिडकीशी आला. टर्बोवाले लोक एक यंत्र बसवतात, किल्ली काढली तरी ते दोन मिनिटं इंजिन चालू ठेवतं. "टायमर लावलास होय?" त्यानं विचारलं.

"नाही," एलियुत म्हणाला.

आणि मग आवाज बदलला...

जपानी इंजिनाचा गुळगुळीत आवाज हळूहळू खाली गेला. त्याच्या जागी दुसरा आला. सगळ्यांनी ऐकला. मीही तिथं होतो, मीही ऐकला.

टक टक टक... टक.

चागोचा चेहरा पांढरा पडला. हॉर्न थांबले. दफनभूमीच्या झाडीतले बेडूक थांबले. पस्तीस गाड्यांची माणसं होती तिथंच उभी राहिली.

दॉन मोन्से मात्र डोळे मिटून बसले होते. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

दोन मिनिटांनी ते आपोआप बंद झालं.

"निवलं," म्हातारा म्हणाला. "चला घरी."

घरी आल्यावर एलियुतला राहवेना. बाबांच्या पायाची पट्टी सोडता सोडता तो बोलला.

"बाबा, मी तुम्हाला फसवलं. गाडीत बेर्तोचं इंजिन नाही."

"माहीत आहे."

त्याचे हात थांबले.

"डोळे गेलेत माझे, कान नाही गेले," दॉन मोन्से म्हणाले. "त्याचं इंजिन मागच्या खोलीत आहे. रोज पावणेसहाला मागच्या दारानं जातो मी. त्याच्यावर हात ठेवून बसतो. तू तेव्हा बाहेर नळापाशी उभा असतोस आणि आत यायला घाबरतोस."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"माझ्या पोराची?"

एलियुतला विचारायचं नव्हतं. तरी तोंडून निघून गेलं. "काय म्हणतो तो?"

"म्हणतो, एलियुतचं बरोबर होतं. टर्बो लावला असता तर ते इंजिन फुटलंच असतं." म्हाताऱ्यानं पाय जरा सरळ केला. "पण आता फुटायचं काही राहिलं नाही, म्हणतो. आता लावायला हरकत नाही."

एलियुत उठला. सरळ बेर्तोच्या खोलीत गेला. वर्षभर त्या खोलीत कुणी झोपलं नव्हतं. पलंगाखाली टर्बोचं खोकं होतं. चारी बाजूंनी पक्की चिकटपट्टी, कुठं उचकटलेली नाही. वर बेर्तोचं अक्षर: हात लावू नकोस एलियुत.

टर्बो म्हणजे नुसतं लोखंड. दोन्ही हातांनी ओढावं लागणार म्हणून त्यानं पाय रोवले आणि ओढलं.

खोकं एका बोटानं सरकलं असतं, इतकं हलकं.

पट्टी कापली. आत वादळाच्या आधीच्या महिन्याचं वर्तमानपत्र, चुरगाळलेलं. मधोमध गोल खळगा, काहीतरी जड बराच काळ ठेवल्यासारखा.

बाकी काही नाही.

सोमवारी पावणेसहाला मागच्या खोलीतून आवाज आला. टक टक टक... टक.

आणि त्याच्यावर एक बारीक शिट्टी...

मंगळवारी एलियुत चागोला म्हणाला, "घेऊन जा ते. भंगारात दे, समुद्रात टाक, काही कर." चागो ट्रक घेऊन आला. भला माणूस. पण गॅरेज बंद करून यायला त्याला पावणेसहा वाजून गेले. त्यानं ताडपत्री काढली आणि उचलायला म्हणून इंजिनाखाली हात घातला.

त्याची किंकाळी मी माझ्या स्वयंपाकघरात ऐकली.

उजव्या तळव्यावर फोड आले. अजून खुणा आहेत, बघायच्या असतील तर त्याच्या गॅरेजवर जा. तो तुम्हाला म्हणेल, सायलेन्सरला हात लागला. मला मात्र त्यानं त्या दिवशी पोर्चमध्ये बसून, हात बादलीत बुडवून सांगितलं, "भंगारात मेलेली इंजिनं देतात. ते मेलेलं नाही. मला पुन्हा बोलावू नकोस म्हणावं त्याला."

या गोष्टीला आता सात महिने झाले.

पाद्री येऊन पाणी शिंपडून गेले. त्या दिवशीही पावणेसहाला ते आलंच. मग एलियुतनं नाद सोडला. लोक म्हणतात घर सोड. आंधळ्या बापाला घेऊन कुठं जाणार? आणि म्हातारा हलतोय कसला!

उलट गेल्या महिन्यापासून दॉन मोन्से रोज संध्याकाळी बूट घालतात. जखमेच्या पायाला बूट! दुखतं, रक्त येतं, तरी घालतात. केस विंचरतात. आणि पुढच्या पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसतात.

एलियुतनं विचारलं तेव्हा म्हणाले, "तो न्यायला येतो म्हणालाय. दोन मिनिटं थांबेन म्हणाला. तेवढ्यात बसायचं."

एलियुतनं हे मला गेल्या आठवड्यात सांगितलं. आमच्या कुंपणाला टेकून उभा होता. डोळ्यांखाली काळं, हातात बाबांच्या औषधाची पिशवी. रोज पावणेसहाला तो बाबांच्या शेजारी बसतो आणि त्यांचं मनगट घट्ट धरून ठेवतो. दोन मिनिटं. आवाज बंद झाला की सोडतो. रोज म्हातारा उठू बघतो आणि रोज हा त्याला खाली बसवतो.

"माझ्यासाठीही जागा आहे म्हणे," तो म्हणाला.

"कसली जागा?"

"बाबा म्हणतात, पुढं मी बसेन, मागं तू. दोन दारांची असली तरी मागं एक माणूस मावतो. जरा अंग चोरून बसावं लागेल, पण तुला सवय आहे." तो हसला. हसणं कसलं, नुसता श्वास सोडला. "बेर्तोला कळतं म्हणे, मी किती दमलोय."

मी कुंपणावरून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "तू घाबरू नकोस."

"बेर्तोला कोण घाबरतं?" एलियुत म्हणाला. "तो माझा भाऊ आहे. मला भीती माझीच वाटते. आवाज आला की बाबा ओढतात, मी धरून ठेवतो. रोज धरतो. पण हल्ली ती दोन मिनिटं संपली की मला वाईट वाटतं रे. वाटतं, आणखी थोडं थांबला असता तर."

मग तो आत गेला. भात लावायचा होता.

हे लिहीत खिडकीशी बसलोय. साडेपाच होऊन गेलेत. समोर पोर्चमध्ये दॉन मोन्से बूट घालून बसलेत. एलियुत दुपारीच कामावरून आला. एरवी आल्या आल्या तो कामाचे बूट काढून दारात फेकतो, दहा वर्षांची सवय आहे.

आज शेजारी दुसरी खुर्ची टाकून बसलाय. बाबांचं मनगट धरलेलं नाही.

बूट पायातच आहेत.

मी हाक मारली. त्यानं हात वर केला, एवढंच.

बेडूक आत्ता थांबले.